रँग्लर वि. वा. नारळीकर आणि न घडलेल्या विश्वाचे गणित

नारळीकर हे आडनाव उच्चारले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे डॉ. जयंत नारळीकर उभे राहतात. २० मे २०२५ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांच्या संशोधनाविषयी आणि विज्ञानकथांविषयी पुष्कळ लिहून आले. त्यांचे वडील मात्र सहसा एखाद्या वाक्यात आटोपले जातात. मुलाच्या कीर्तीच्या सावलीत बाप झाकला जावा, असे भाग्य थोड्यांनाच लाभते हे खरे. तरीही विष्णु वासुदेव नारळीकर या माणसाचे चरित्र स्वतंत्रपणे सांगण्याजोगे आहे, असे मला वाटते. त्यासाठीच हा लेखनप्रपंच.

मी कला शाखेचा विद्यार्थी आहे. गणिताशी माझी दोस्ती शाळेतच संपली. म्हणून या लेखात समीकरणे नाहीत, आणि असती तरी ती मला सोडविता आली नसती. परंतु ज्या प्रश्नाने हे चरित्र मला वाचावयास लावले तो गणिताचा नाही. तो असा : ज्या विद्येचा आज कोणालाच उपयोग दिसत नाही, ती विद्या जन्मभर जपणाऱ्या माणसाने नेमके काय मिळविले? हा प्रश्न आपल्या महाविद्यालयातील प्रत्येकाला कधी ना कधी ऐकावा लागतो, निदान दिवाळीच्या सुटीत घरी गेल्यावर तरी!

वि. वा. नारळीकरांचा जन्म २६ सप्टेंबर १९०८ रोजी कोल्हापुरात झाला. मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधून १९२८ साली ते बी. एस्सी. झाले आणि त्याच वर्षी पुढील शिक्षणासाठी केंब्रिजला गेले. घरच्या पैशावर विलायत गाठणे मध्यमवर्गीय मुलाला शक्य नव्हते. कोल्हापूर दरबार आणि टाटांचा निधी यांच्या साहाय्याने ते साधले. १९३० मध्ये गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत पहिल्या वर्गात येऊन ते रँग्लर झाले. महाराष्ट्राला या पदवीचे अप्रूप रँग्लर परांजप्यांपासून होतेच. पुढे त्यांना आयझॅक न्यूटन विद्यार्थिवृत्ती आणि रॅले पारितोषिक हे मानही मिळाले.

तो काळ खगोलशास्त्राच्या दृष्टीने मोठा विलक्षण होता. आइन्स्टाइनने १९१५ मध्ये सापेक्षतेचा व्यापक सिद्धांत मांडला होता. सूर्याजवळून जाणारे ताऱ्यांचे किरण त्या सिद्धांतानुसार वाकतात की नाही, याची पडताळणी १९१९ च्या खग्रास ग्रहणाच्या वेळी झाली आणि तीत एडिंग्टन यांचा मोठा वाटा होता. नारळीकर केंब्रिजला पोहोचले त्याच्या दुसऱ्याच वर्षी, म्हणजे १९२९ मध्ये, हबल यांनी दूरच्या दीर्घिका आपल्यापासून दूर पळत असल्याचा पुरावा प्रसिद्ध केला. विश्व स्थिर नाही, ते प्रसरण पावते आहे, ही कल्पना विद्वानांच्या बैठकीत नुकतीच येऊन बसत होती. अशा वेळी या कोल्हापूरच्या तरुणाला खुद्द एडिंग्टन यांच्या मार्गदर्शनाखाली काम करावयास मिळाले.

एवढे यश मिळविलेल्या तरुणाला परदेशात राहणे कठीण नव्हते. परंतु पंडित मदनमोहन मालवीय त्या काळी आपल्या काशीच्या हिंदू विश्वविद्यालयासाठी देशभरातील आणि देशाबाहेरील गुणी माणसे वेचून आणीत होते. त्यांनी नारळीकरांना बोलाविले. १९३२ मध्ये, वयाच्या अवघ्या चोविसाव्या वर्षी, ते बनारसला गणित विभागाचे प्रमुख म्हणून रुजू झाले आणि तेथे त्यांनी तब्बल अठ्ठावीस वर्षे काढली.

या अठ्ठावीस वर्षांचे मोल कळण्यासाठी त्या वेळी सापेक्षतेच्या अभ्यासकाची अवस्था काय होती हे ध्यानात घेतले पाहिजे. सिद्धांत देखणा होता, पण तो पडताळून पाहण्याच्या जागा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच होत्या. बुधाच्या कक्षेतील बारीकसा फरक, सूर्याजवळ किरणांचे वाकणे आणि गुरुत्वाकर्षणामुळे प्रकाशाच्या रंगात पडणारा बदल, एवढ्यावर सारी मदार होती. जगातील बहुतेक हुशार पदार्थवैज्ञानिक तेव्हा अणूच्या अंतरंगाकडे वळले होते. तेथे रोज नवा शोध लागत होता. सापेक्षतेकडे राहणारा माणूस आडवाटेला लागलेला समजला जाई. नारळीकर त्या आडवाटेवर नुसते राहिले नाहीत, तर त्यांनी तेथे एक पाणपोई घातली. कागद, पेन्सिल आणि फळा एवढ्या साहित्यावर चालणारी सापेक्षतेची एक शाळाच बनारसला उभी राहिली.

या पाणपोईवर आलेल्या एका वाटसरूची हकीकत सांगितलीच पाहिजे. प्रल्हाद चुनीलाल वैद्य हे गुजरातचे तरुण गणिताचे शिक्षक. नारळीकरांच्या हाताखाली शिकावे, एवढ्या एका इच्छेने १९४२ मध्ये ते पत्नी आणि लहान मुलीसह बनारसला येऊन राहिले. शिष्यवृत्ती नाही, नोकरी नाही; गाठीच्या पैशावर जेमतेम दहा महिने निघाले. पण त्या दहा महिन्यांत त्यांच्या हातून जे झाले त्याला आज जगभर वैद्य यांचे नाव आहे. आइन्स्टाइनच्या समीकरणांचे त्याआधीचे प्रसिद्ध उत्तर जणू न तळपणाऱ्या ताऱ्याचे होते. प्रत्यक्षातला तारा प्रकाश टाकतो आणि त्याबरोबर आपले वस्तुमानही गमावीत असतो. अशा प्रकाशणाऱ्या ताऱ्याभोवतीचे गुरुत्वाकर्षण कसे असेल, हे वैद्यांनी सोडविले आणि १९४३ मध्ये प्रसिद्ध केले. गुरूने प्रश्न दाखवावा, शिष्याने सोडवावा आणि नाव शिष्याचे व्हावे, ही आपल्याकडील जुनी आणि निर्मळ परंपरा. ती नारळीकरांनी पाळली.

आता मी ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहावयास घेतला तिच्याकडे वळतो.

१९४६ मध्ये नारळीकरांनी के. आर. करमरकर यांच्यासमवेत करंट सायन्स या नियतकालिकात एक छोटे टिपण प्रसिद्ध केले. आइन्स्टाइनच्या समीकरणांना मिळालेले एक चमत्कारिक उत्तर, असा त्याचा विषय होता. अमेरिकन गणिती कॅस्नर यांनी १९२१ मध्ये दिलेल्या उत्तराच्याच कुळातले हे उत्तर होते. त्यात चमत्कारिक काय होते? आपण प्रसरणशील विश्व म्हणतो तेव्हा फुगा फुगावा तसे चित्र मनात आणतो. सगळीकडे सारखे वाढणारे. या उत्तरातले विश्व मात्र तसे वाढत नाही. ते दोन दिशांना पसरते आणि तिसऱ्या दिशेने आक्रसते. पोळपाटावर पोळी लाटताना ती लांबीरुंदीला वाढते पण जाडीला कमी होते, काहीसा तसाच प्रकार. फरक एवढाच की पोळीतली कणीक वाढत नाही. या विश्वाचे एकूण आकारमान मात्र वाढतच जाते.

गणिताच्या नियमांनी असे विश्व शक्य आहे. ते निर्दोष आहे. प्रश्न एवढाच की आपले विश्व तसे आहे काय? १९४६ मध्ये हे ठरविण्याचा कोणताही मार्ग नव्हता. टिपण छापून झाले आणि बनारसचे वर्ग पूर्ववत चालू राहिले.

१९६० मध्ये नारळीकरांनी बनारस सोडले. राजस्थान लोकसेवा आयोगाचे अध्यक्ष म्हणून ते अजमेरला गेले. ते तेथे उमेदवार पारखीत होते, त्याच काळात, १९६५ मध्ये, अमेरिकेत न्यू जर्सी येथील पेंझियस आणि विल्सन या दोघांनी एक शोध जाहीर केला. त्यांच्या शिंगाच्या आकाराच्या अँटेनात एक मंद खरखर येत होती. अँटेना कोठेही वळवा, रात्र असो वा दिवस, ऋतू कोणताही असो, खरखर तेवढीच. कबुतरांनी अँटेनात केलेली घाणसुद्धा त्यांनी साफ करून पाहिली, तरी ती गेली नाही. ते विश्वाच्या बाल्यावस्थेतले प्रारण होते. विश्व सुमारे ३,८०,००० वर्षांचे असताना तप्त धुके निवळले आणि प्रकाश मोकळा झाला. तोच प्रकाश प्रसरणाने थंड होत होत आज सूक्ष्मतरंगांच्या रूपात आपल्यापर्यंत पोहोचतो आहे. त्याचे तापमान निरपेक्ष शून्याच्या वर सुमारे २.७ अंश आहे. याला विश्वाचे पार्श्वप्रारण म्हणतात. १९४६ च्या त्या चमत्कारिक प्रश्नाला आता न्यायाधीश मिळाला होता. विश्व पोळीसारखे वाढले असेल तर एका दिशेचा प्रकाश अधिक ताणला जाऊन अधिक थंड व्हावयास हवा आणि दुसऱ्या दिशेचा कमी. म्हणजे आकाशाच्या निरनिराळ्या भागांत हे तापमान निरनिराळे दिसले पाहिजे.

ते तसे दिसत नाही. आपली पृथ्वी, सूर्य आणि आकाशगंगा स्वतः धावत असल्याने जो फरक पडतो तो वजा केला, तर सर्व दिशांचे तापमान जवळजवळ तंतोतंत सारखे निघते. आणि येथेच नवे कोडे पडले. आकाशाच्या समोरासमोरच्या टोकांचा आपसात कधी संबंधच आला नव्हता. प्रकाशालाही एकीकडून दुसरीकडे जाण्यास वेळ पुरला नव्हता. मग दोघांचे तापमान एक कसे? सिंदेवाहीच्या बाजारातला तांदळाचा भाव आणि ज्या मुलखाशी आपला ना दळणवळण ना पत्रव्यवहार, तेथल्या बाजारातला भाव पैशापर्यंत जुळला, तर आपण काय म्हणू? हे दोन्ही बाजार पूर्वी कधीतरी एकच असले पाहिजेत, असेच ना? १९८१ मध्ये अमेरिकेतील ॲलन गुथ यांनी जवळपास तसेच उत्तर सुचविले. जन्मानंतरच्या कल्पनातीत सूक्ष्म क्षणात विश्व एकाएकी प्रचंड वेगाने फुगले. आज दूर दिसणारे भाग त्यापूर्वी एकमेकांच्या निकट होते. शिवाय त्या फुगण्यात मूळच्या सुरकुत्या आणि वाकडेपणा जवळजवळ नाहीसे झाले. या कल्पनेला स्फीती हे नाव मिळाले. सोव्हिएत रशियात स्टारोबिन्स्की आणि लिंडे यांनीही याच सुमारास अशा कल्पना मांडल्या.

योगायोग असा की वेगाने प्रसरण पावणारे विश्व आपल्या अंगचा विषमपणा आपणच पुसून टाकते, हा विचार नारळीकरांच्या घराला अनोळखी नव्हता. जयंतराव आणि त्यांचे गुरू फ्रेड हॉइल यांनी १९६३ मध्ये आपल्या स्थिर स्थितीच्या सिद्धांतासंदर्भात नेमके तेच दाखविले होते. ज्या मुलासाठी बनारसच्या घरातील फळ्यावर मामा मोरेश्वर हुजुरबाजार रोज गणिताचे कोडे घालून ठेवीत, तो मुलगा आता जगातील मोठ्या वादात उतरला होता, आणि तोही बहुसंख्यांच्या विरुद्ध बाजूने. महास्फोटाचा सिद्धांत त्याने अखेरपर्यंत मान्य केला नाही. वि. वां.च्या घरात बुद्धीला धाक नव्हता, याची याहून मोठी साक्ष मला सापडत नाही.

वि. वा. १९६६ मध्ये पुणे विद्यापीठात लोकमान्य टिळक प्राध्यापक म्हणून आले आणि १९७३ पर्यंत त्यांनी तेथे अध्यापन केले. १९६९ मध्ये भारतातील सापेक्षतेच्या अभ्यासकांची संघटना स्थापन झाली, तेव्हा तिचे पहिले अध्यक्षपद साहजिकच त्यांच्याकडे आले. १९८८ मध्ये त्याच पुण्यात जयंतरावांच्या नेतृत्वाखाली आयुका ही संस्था सुरू झाली. १९९१ मध्ये जयंतराव आणि थानू पद्मनाभन यांनी स्फीतीची चिकित्सा करणारा एक लेख खगोलशास्त्रज्ञांसाठी प्रसिद्ध केला. त्याच वर्षी १ एप्रिलला वि. वां.चे पुण्यात निधन झाले.

त्यानंतर जेमतेम वर्षभराने, एप्रिल १९९२ मध्ये, कोबे उपग्रहाने पार्श्वप्रारणातील पहिले सूक्ष्म चढउतार जाहीर केले. ते एक लाखात एक इतके बारीक होते. पुढे २००१ मध्ये डब्ल्यूमॅप आणि २००९ मध्ये प्लांक हे उपग्रह गेले आणि विश्वाच्या बालपणाचा नकाशा दिवसेंदिवस रेखीव होत गेला.

या नकाशावरून स्फीतीची परीक्षा कशी घेतात, हे समजावयास आपल्याला लांब जावे लागत नाही. आपल्या सिंदेवाहीला धानाचे संशोधन चालते. नव्या वाणाचे गुण कागदावर कितीही सुंदर असले तरी त्याचे पऱ्हे टाकून, बांधीत रोवणी करून, लोंब धरेपर्यंत वाट पाहावीच लागते. स्फीतीचेही एक वाण नाही, शेकडो आहेत. प्रत्येक वाण आपले पीक आधी सांगतो : पार्श्वप्रारणात मोठे तरंग किती आणि लहान तरंग किती असतील, आणि अवकाशाला आलेल्या गुरुत्वतरंगांची खूण किती ठळक असेल. साधारणपणे स्फीती सांगते की लहानमोठ्या सर्व तरंगांचे बळ जवळजवळ सारखे असावे, पण अगदी सारखे नसावे. ते अगदी सारखे असते तर ठराविक अंक १ आला असता. प्लांकने तो ०.९६५ च्या आसपास मोजला. हा फरक किंचित आहे, पण मोजमापाच्या चुकीत बसणारा नाही. येथे स्फीतीची कल्पना उत्तीर्ण झाली. गुरुत्वतरंगांची खूण मात्र अजून सापडलेली नाही. ती एका ठराविक मर्यादेहून कमी असली पाहिजे एवढेच कळले आहे. तेवढ्यावरही पाठ्यपुस्तकांतली काही अगदी साधी, सुटसुटीत वाणे बाद झाली.

या परीक्षेत परीक्षकांचीही परीक्षा होते. मार्च २०१४ मध्ये दक्षिण ध्रुवावरील बायसेप दुर्बिणीच्या शास्त्रज्ञांनी ती खूण सापडल्याचे जाहीर केले. जगभर जल्लोष झाला. परंतु २०१५ च्या आरंभी प्लांकच्या मोजमापांशी ताडून पाहता त्या खुणेतला मोठा भाग आपल्याच आकाशगंगेतल्या धुळीचा निघाला आणि गुरुत्वतरंगांचा दावा टिकला नाही. तो दावा ज्यांनी केला तेच या फेरतपासणीत सामील होते, ही गोष्ट मला त्या शोधाइतकीच मोठी वाटते.

आणि पोळीसारख्या विश्वाचे काय झाले? आकाश खरोखरच सर्व दिशांना सारखे आहे काय, हे गृहीत न धरता मोजावे कसे, याची एक पद्धत तरुण सौरदीप आणि अमीर हाजियान यांनी २००३ मध्ये मांडली, आणि ती पुण्याच्या आयुकातच. २०१६ मध्ये लंडनच्या संशोधकांनी प्लांकच्या नकाशावरून निकाल दिला : विश्व दिशेदिशेने निराळे प्रसरण पावते या कल्पनेच्या विरुद्ध १,२१,००० ला १ अशी पैज लागते. म्हणजे नारळीकर-करमरकरांचे १९४६ चे विश्व हे आपले विश्व नव्हे, हे सत्तर वर्षांनी जवळजवळ पक्के झाले.

येथे कोणी म्हणेल, म्हणजे वि. वां.चे ते गणित फुकटच गेले! माझे मत नेमके उलट आहे आणि तेच या लेखाचे सार आहे. विश्व सर्व दिशांना सारखे आहे, हे वाक्य उच्चारण्यापूर्वी ते सारखे नसते तर कसे दिसले असते, हे कोणीतरी काटेकोरपणे सांगून ठेवावे लागते. नाहीतर सारखेपणा हा नुसता समज उरतो, निष्कर्ष ठरत नाही. उलटतपासणी करणारा वकील नसेल तर साक्षीला किंमत नसते. न घडलेल्या विश्वांचे गणित करून ठेवणारी माणसे ही त्या खटल्यातली उलट बाजू. त्यांचा पराभव हीच घडलेल्या विश्वाची खात्री. शिवाय विश्वाच्या अगदी आरंभबिंदूजवळ काय घडत असावे याचा विचार करताना सोव्हिएत पदार्थवैज्ञानिकांनी १९७० च्या सुमारास याच कॅस्नर कुळातील उत्तरांचा आधार घेतला. टाकाऊ वाटणारे कोठे कामी येईल, हे आधी कोणी सांगावे?

नारळीकरांनी ना दुर्बीण उभारली, ना उपग्रह सोडला. ज्या प्रारणाने त्यांच्या प्रश्नाचा निवाडा केला, त्याचा रेखीव नकाशा त्यांनी पाहिलाही नाही. पण ज्या काळात या विषयाकडे कोणी फिरकत नव्हते त्या काळात त्यांनी तो विषय देशात जिवंत ठेवला. वैद्यांसारखे शिष्य घडविले. पुढच्यांसाठी संघटना उभी केली. पुढे साधने आली, तेव्हा ती वापरू शकणारी माणसे या देशात तयार होती. हे आपोआप होत नसते. मधली पन्नास वर्षे कोणीतरी रोज वर्गावर जावे लागते.

आपल्यापैकी कित्येकजण शेतावरची कामे उरकून, बसचे वेळापत्रक सांभाळून महाविद्यालयात येतात. कोणी झाडीबोलीतील शब्द गोळा करतो आहे, कोणी जुन्या तलावांचा इतिहास विचारीत गावोगाव हिंडतो आहे, कोणी पालीचे व्याकरण घोकतो आहे. याने नोकरी मिळेल का, असे घरची वडीलधारी माणसे विचारतात तेव्हा त्यांचा प्रश्न चुकीचा नसतो. पोटाची काळजी त्यांनी करायची नाही तर कोणी? त्या प्रश्नाला माझ्याजवळ सोपे उत्तर नाही. पण नोकरीच्या प्रश्नाशेजारी दुसराही एक प्रश्न मांडून ठेवावा, असे या चरित्राने मला शिकविले : मी जे शिकतो आहे ते नीट, निर्दोष आणि दुसऱ्याला पडताळून पाहता येईल असे शिकतो आहे काय? उत्तर होय असेल, तर त्याचा निवाडा आपल्या हयातीत झाला नाही तरी चालण्यासारखे आहे. पडताळून पाहणारा पुढे कोणीतरी येतोच, आणि त्याला आपल्या कामापासून सुरुवात करता येते.